निशाणी नांगर ते क्यूआर कोड: न वाचता येणाऱ्या खुणेचा इतिहास

१/
१९९४ मध्ये जपानच्या डेन्सो समूहातील अभियंते मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी काळ्या-पांढऱ्या चौकटींची एक खूण तयार केली. तीच खूण आज चहाच्या टपरीवर, एसटी स्थानकाबाहेरच्या फळगाडीवर, देवळाच्या दानपेटीवर आणि चर्चच्या दाराशी चिकटवलेली दिसते. तिचे नाव क्यूआर कोड.

२/
या खुणेचे एक वैशिष्ट्य सहसा ध्यानात येत नाही. उघड्या डोळ्यांनी ती कोणालाच वाचता येत नाही. विद्यापीठातील प्राध्यापक आणि आयुष्यभर अंगठा उठवलेली आजी, दोघेही तिच्यापुढे सारखेच निरक्षर ठरतात. दोघांनाही ती दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्यावी लागते. हा दुसरा कोणी म्हणजे हातातला फोन.

३/
रविवारची उपासना संपली की अनेक मंडळ्यांमध्ये एक नवे दृश्य दिसते. पूर्वी अर्पणाची थैली फिरे. आता तिच्या जोडीला एक छापील चौकट आलेली असते. वडीलधारी माणसे तरुणांना जवळ बोलावतात, "बाळा, हे कसं करायचं ते जरा दाखव की." तरुण फोन हातात घेतो, चार ठिकाणी बोट लावतो आणि "झालं बघा, आजी" म्हणून फोन परत देतो. दान पोहोचते. पण आजी काही शिकली का?

४/
हा प्रश्न नवा नाही. मोठ्या वयाच्या माणसाला नवी खूण वाचायला शिकवायची, की त्याच्या वतीने आपणच ती वाचून टाकायची, या पेचाला सातारा जिल्ह्यात दीडशे वर्षांचा इतिहास आहे. त्यात सावकार आहे, सरकार आहे, शाळा आहे आणि चर्चही आहे. हा धागा त्या इतिहासाविषयी.

५/
प्रारंभ कर्जरोख्यापासून करावा लागतो. एकोणिसाव्या शतकातील शेतकऱ्याचे कर्जखत मोडीत लिहिलेले असे. लिहिणारा एक, घेणारा दुसरा आणि बांधला जाणारा तिसरा. ज्याला सही येत नसे तो नावापुढे आपली खूण करी. कुणब्याची खूण नांगराची, म्हणून कागदावर लिहिले जाई, 'निशाणी नांगर'. चित्र त्याच्या ओळखीचे होते. त्या चित्राच्या वर काय लिहिले आहे, ते मात्र त्याला ठाऊक नसे.

६/
त्याचे पर्यवसान १८७५ मध्ये दिसले. १२ मे रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली आणि हा उठाव पुणे व नगर जिल्ह्यांत पसरला. त्यांचा रोख प्रामुख्याने कागदांवर होता. कर्जरोखे आणि हिशेबाच्या वह्या हाती आल्या की त्यांची होळी केली जाई. जो कागद वाचता येत नाही, पण ज्याच्यामुळे जमीन जाऊ शकते, तो जाळणे एवढाच उपाय त्यांना दिसला.

७/
सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. तो पुणे, सोलापूर, नगर आणि सातारा या चार जिल्ह्यांना लागू झाला. त्यातील एक तरतूद आज मुद्दाम आठवण्यासारखी आहे. शेतकऱ्याचा दस्तऐवज ग्रामनिबंधकाच्या देखरेखीखाली लिहिला जावा, तो मोठ्याने वाचून दाखवला जावा आणि मगच त्यावर सही वा निशाणी व्हावी, अशी ती व्यवस्था होती.

८/
म्हणजे कायद्याने एक तत्त्व मान्य केले: वाचता न येणाऱ्याची संमती घ्यायची असेल तर आधी मजकूर त्याच्या कानावर गेला पाहिजे. निशाणी म्हणजे संमती नव्हे. ऐकून, समजून केलेली निशाणी म्हणजे संमती. तथापि या व्यवस्थेची मर्यादाही उघड आहे. शेतकरी वाचनासाठी दुसऱ्यावर अवलंबूनच राहिला. फक्त वाचणारा बदलला.

९/
ही परावलंबी अवस्था संपवण्याचा प्रयत्न शाळेने केला. त्यात मिशनचा वाटा मोठा होता. अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले. दोनच वर्षांत मिशनची शाळा सुरू झाली आणि पाठोपाठ छापखानाही आला. १८४२ मध्ये याच मिशनने 'ज्ञानोदय' हे नियतकालिक सुरू केले. पुढे साताऱ्यातही मिशनचे ठाणे झाले.

१०/
प्रॉटेस्टंट पंथाच्या धारणेनुसार शास्त्र प्रत्येकाने स्वतः वाचावयाचे असते. त्यामुळे मंडळीत येणे आणि अक्षर ओळखणे या गोष्टी एकमेकींत गुंतल्या. मराठी मंडळ्यांत आलेली असंख्य कुटुंबे महार आणि मांग समाजांतील होती. गावच्या शाळेचा दरवाजा त्यांना बहुतेक ठिकाणी बंद होता. त्यांच्यासाठी पहिले पुस्तक हातात येणे ही धर्माइतकीच मानाचीही गोष्ट होती.

११/
शाळेत मुले जात. घरातल्या बायकांचे काय? त्यासाठी मंडळ्यांनी 'बायबल बाई' ही योजना चालवली. या मराठी ख्रिस्ती स्त्रिया घरोघर जात, शास्त्रातील गोष्टी सांगत आणि शिकू इच्छिणाऱ्या स्त्रियांना अक्षरे शिकवत. शिकणारीच्या घरी जायचे, तिच्या सवडीने बसायचे, तिच्या बोलीत बोलायचे, ही त्यांची पद्धत होती. प्रौढ शिक्षणाचा विचार शासनदरबारी रुजण्यापूर्वी ती रुळली होती.

१२/
शिक्षिका घडवण्याची ही परंपरा मिशनच्या कुंपणाबाहेरही गेली. सिंथिया फरार १८२७ मध्ये मुंबईत आल्या आणि पुढे अहमदनगरला त्यांनी मुलींच्या शिक्षणाचे काम केले. सावित्रीबाई फुले यांनी शिक्षिका होण्याचे प्रशिक्षण घेतले त्यात फरारबाईंचा वाटा होता. सावित्रीबाईंचे जन्मगाव नायगाव हे सातारा जिल्ह्यातले; जोतीरावांचे मूळ गाव कटगुण, तेही याच जिल्ह्यातले.

१३/
येथे एक बारकावा लक्षात घ्यावा लागतो. छापील पुस्तके मुख्यतः बाळबोध लिपीत असत. सावकाराचा, कुलकर्ण्याचा आणि कचेरीचा व्यवहार मोडीत चाले. त्यामुळे शुभवर्तमान घडाघडा वाचणारा माणूस कर्जरोख्यापुढे पुन्हा अडत असे. एक लिपी आली म्हणून दुसरी येत नाही. साक्षरता ही एकच एक पायरी नसून प्रत्येक नव्या लिपीपाशी माणूस पुन्हा पहिलीत बसतो.

१४/
आज हेच दिसते. निवृत्त शिक्षिका असलेली, 'उपासना संगीत' उघडून न अडखळता गाणारी, वर्तमानपत्र ओळ न ओळ वाचणारी स्त्री क्यूआर कोडपुढे थबकते, तेव्हा घरची मंडळी हसतात. वस्तुतः ती थबकते याचे कारण अज्ञान नव्हे. जे वाचता येत नाही त्यावर निशाणी करू नये, ही शहाणीव तिच्याकडे आहे. तिच्या पणजोबांना ती शहाणीव महागात पडून मिळाली होती.

१५/
मजकूरच सोपा करावा, हा दुसरा मार्ग. पंडिता रमाबाईंनी तो स्वीकारला. प्रचलित मराठी बायबलची भाषा सामान्य स्त्रियांना जड जाते, हे जाणून त्यांनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून स्वतंत्र सोपे भाषांतर केले. केडगावच्या मुक्ती मिशनमधील स्त्रियांनी छपाईच्या कामाला हात लावला. रमाबाईंचे निधन ५ एप्रिल १९२२ रोजी झाले. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर आले. वाचक अडतो तेव्हा दोष वाचकाचाच असतो असे नाही, हा या खटाटोपाचा अर्थ.

१६/
मोठ्या वयात अक्षर शिकलेल्या माणसाकडून काय घडू शकते, याचे उदाहरणही साताऱ्याशी जोडलेले आहे. कवी नारायण वामन टिळक १९१७ मध्ये साताऱ्यास राहावयास आले आणि तेथे त्यांनी 'देवाचा दरबार' उभारला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई कधी रीतसर शाळेत शिकल्या नव्हत्या. लग्नानंतर पतीच्या आग्रहाने त्या अक्षरे शिकल्या. त्याच लक्ष्मीबाईंचे 'स्मृतिचित्रे' आज मराठीतील श्रेष्ठ आत्मचरित्रांत गणले जाते.

१७/
मंडळीबाहेरही हीच धडपड चालू होती. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्यास आणली. फिलिपाइन्समध्ये फ्रँक लाऊबाक या मिशनऱ्याने १९३० च्या सुमारास 'एकाने एकाला शिकवावे' ही प्रौढ साक्षरतेची रीत प्रचारात आणली. १९३५ मध्ये तो भारतातही आला. शिकलेल्याने लगेच दुसऱ्याला शिकवायचे. शिकवताना त्याचे स्वतःचे शिकणे पक्के होते.

१८/
या साऱ्याचा कळस १९५९ मध्ये झाला. सातारा जिल्ह्यात 'ग्राम शिक्षण मोहीम' सुरू झाली आणि लवकरच ती राज्यभर नेण्यात आली. साधारण १४ ते ५० वयोगटातील निरक्षरांना चार महिन्यांत वाचता-लिहिता करावयाचे, शिकवणारे गावचेच शिक्षक आणि शिकलेले तरुण, आणि गाव साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ. रात्री कंदील घेऊन सासू-सून एका वर्गात बसू लागल्या. १९७२ मध्ये युनेस्कोच्या साक्षरता पारितोषिकाने या मोहिमेचा गौरव झाला.

१९/
या मोहिमेचे यश खरे होते आणि तिची उणीवही खरी होती. समारंभ झाला, वर्ग थांबले आणि ज्यांच्या रोजच्या आयुष्यात वाचण्यासारखे काही आले नाही, त्यांची अक्षरे पुसट होत गेली. फिरत्या ग्रंथालयांची योजना त्यासाठीच होती, पण ती सर्वत्र पुरी पडली नाही. चार महिन्यांत शिकवता येते. टिकवायला मात्र रोजचा वापर लागतो.

२०/
दुसरी उणीव वयोमर्यादेत होती. पन्नाशी ओलांडलेल्यांना मोहिमेने हिशेबाबाहेर ठेवले. २०१७ मध्ये केंद्र सरकारने ग्रामीण भागातील सहा कोटी घरांतील प्रत्येकी एका व्यक्तीला डिजिटल साक्षर करण्याची योजना आखली. तिच्यात २० तासांचे प्रशिक्षण होते आणि वयाची अट होती १४ ते ६०. दोन्ही वेळा रेघ तेथेच ओढली गेली, जेथून गरज अधिक तीव्र होते. २०२२ पासूनच्या 'उल्लास' या नवभारत साक्षरता कार्यक्रमात १५ वर्षांवरील सर्वांचा समावेश झाला, डिजिटल साक्षरताही आली.

२१/
दरम्यान पैशाची वाटच बदलली होती. मेढा हे जावळी तालुक्याचे मुख्य ठिकाण. या तालुक्यातील माणसे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत माथाडी म्हणून राबली आणि गावाकडे मनीऑर्डर येत राहिली. फॉर्मच्या तळाशी चार ओळींचा निरोप असे. तो पोस्टमन वाचून दाखवी, पैसे मोजून देई आणि अंगठा घेई. पैसे, मजकूर आणि साक्षीदार एकाच वेळी उंबऱ्यावर येत. पोस्टमन हा त्या घराचा ग्रामनिबंधकच होता.

२२/
मग टप्प्याटप्प्याने तो माणूस मधून नाहीसा झाला. यूपीआय ही व्यवस्था एप्रिल २०१६ मध्ये जाहीर झाली. ८ नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदी आली. ३० डिसेंबरला बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाची आठवण देणारे 'भीम' ॲप आले. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि महाराष्ट्रातील प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबरपर्यंत बंद राहिली. मंडळ्यांची उपासना पडद्यावर गेली आणि अर्पणाला पडद्यावरची वाट शोधावी लागली. २०२१ मध्ये लसीच्या प्रमाणपत्रावरही हीच चौकट छापून आली.

२३/
या चौकटीत असते तरी काय? तीन कोपऱ्यांतले तीन मोठे चौकोन फोनला 'कोड येथे आहे आणि सरळ बाजू ही' एवढेच सांगतात. उरलेल्या ठिपक्यांत मजकूर असतो. काही ठिपके पुनरुक्तीसाठी राखलेले असतात. त्यामुळे कागद थोडा फाटला, मळला तरी मजकूर जुळवता येतो. पैशाच्या कोडमध्ये तो मजकूर म्हणजे घेणाऱ्याचा पत्ता आणि नाव, क्वचित रक्कमही. पाकिटावरच्या पत्त्याहून यात निराळे काही नाही.

२४/
म्हणून शिकवताना पहिली गोष्ट ही सांगावयास हवी: फोन चौकटीसमोर धरल्याने पैसे जात नाहीत. त्याने फक्त पत्ता वाचला जातो. त्यानंतर पडद्यावर एक नाव येते. हे नाव बाळबोधात वा रोमनमध्ये, पण माणसाला वाचता येईल असे असते. साऱ्या व्यवहारात माणसाच्या वाट्याला आलेले वाचन एवढेच. मंडळीचे नाव आहे की परक्या कोणाचे, हे येथे पाहावयाचे. कोणी मूळ कागदावर दुसरा कोड चिकटवला असेल, तर तोही येथेच उघडा पडतो.

२५/
दुसरी गोष्ट पिनची. पिन ही आजची 'निशाणी नांगर' आहे. नाव वाचले, रक्कम वाचली, मगच निशाणी. आणि तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही. "तुम्हाला पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करून पिन टाका" असे कोणी फोनवर सांगत असेल, तर तो पैसे देत नसून घेत आहे. गोड बोलून निशाणी घेण्याची ही रीत १८७५ च्या शेतकऱ्याला चांगली परिचित होती.

२६/
दुकानातला बोलका डबा या इतिहासात कुठे बसतो? "शंभर रुपये प्राप्त झाले" असे तो मोठ्याने सांगतो. १८७९ च्या कायद्यातही मोठ्याने वाचण्याची सोय होती. फरक एवढाच, की तेव्हा वाचन देणेकऱ्यासाठी आणि सहीपूर्वी होते. आज ते घेणाऱ्यासाठी आणि पैसे गेल्यानंतर होते. देणाऱ्याच्या कानाशी, पिन टाकण्यापूर्वी, कोण वाचणार? मंडळीत ते काम शेजारी बसलेल्या माणसाला करता येते.

२७/
तो शेजारी कसा असावा, याची उत्तरे या इतिहासातच आहेत. बायबल बाईसारखा तो शिकणाऱ्याच्या सवडीने बसतो. लाऊबाकच्या रीतीप्रमाणे एका वेळी एकालाच शिकवतो, आणि शिकलेल्या आजीला पुढच्या रविवारी दुसऱ्या आजीशेजारी बसवतो. रमाबाईंप्रमाणे भाषा सोपी करतो. म्हणजे ॲप मराठीत करून देतो, अक्षर मोठे करतो. ग्राम शिक्षण मोहिमेची चूक टाळण्यासाठी एका दिवसाच्या शिबिरावर तो थांबत नाही. दर आठवड्याला एक रुपयाचा का होईना, सराव करून घेतो.

२८/
आणि सर्वांत अवघड नियम: तो फोन स्वतःच्या हातात घेत नाही. आजीचे बोट थरथरेल, कॅमेरा हलेल, दोनदा चुकेल. घाईत फोन काढून घेणारा नातू प्रेमळ असतो, पण तो त्या क्षणी आजीचा कुलकर्णी होतो. पिन सांगावयास लावणारा तर त्याहून पुढे जातो. पिन टाकण्याच्या वेळी शेजाऱ्याने मान दुसरीकडे वळवणे हा शिकवण्याचाच भाग आहे.

२९/
काही जणांना तरीही हे नको असेल. त्यांची थैली चालू राहिली पाहिजे. नाण्याचा आवाज न करता मूठ मिटून टाकलेले दान हीसुद्धा जुनी आणि सन्मान्य रीत आहे. कोडवरच्या दानाला मात्र नाव, वेळ आणि रक्कम चिकटून राहते. नवी लिपी शिकवणे हा उपकार असू शकतो. जुनी बंद करून ती लादणे म्हणजे पुन्हा माणसाला कागदापुढे मुका करणे होय.

३०/
निशाणी नांगर करणाऱ्या शेतकऱ्याकडे कागद वाचण्याची वाट नव्हती. त्याच्या नातवंडांसाठी ती शाळेने, मिशनने, रयतने आणि कंदिलाच्या वर्गांनी खणून काढली. क्यूआर कोडचे ठिपके माणसाला कधीच वाचता येणार नाहीत. पण ठिपक्यांनंतर येणारे नाव आणि त्याखालची रक्कम वाचता येते, आणि ती वाचल्याखेरीज निशाणी न करण्याचा हक्क बजावता येतो. उपासनेनंतरच्या त्या दहा मिनिटांत आजीला खरे तर हेच शिकवावयाचे असते.

(धागा समाप्त)